कॅमेरा बंद झाल्यावर सांगितलेलं

आष्टी नावाची गावं महाराष्ट्रात दोन-चार तरी असतील. ही वर्धा जिल्ह्यातली, संत्र्याच्या पट्ट्यातली, लोकांच्या तोंडी 'शहीद आष्टी'. खालच्या संवादातले दोघेही इथलेच. मामा न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेले. सारा जन्म पंचनामे, जबान्या आणि निकालाच्या नकला यांत गेला. भाची मुंबईत माहितीपट करते आणि हल्ली कादंबरीही लिहिते. हा संवाद जसाच्या तसा कुणी केलेला नाही. या दोन बाजूंनी हमरीतुमरीवर येणारी माणसं मी बरीच ऐकली, त्यांची ही दोन केली. मामांच्या कानावर गेलं तर ते याला खोटी साक्ष म्हणतील. भाची याला लेखन म्हणेल. वाद तिथूनच सुरू होतो.

मामा : मले एवढंच सांग, तुह्या धंद्यातला मानूस कादंबरी काहून लिहिते? फिलिम दाखवते तवा म्हनते, पाहा, हे खरं हाय. मंग कादंबरी हातात देते आन् म्हनते, हे मनचं हाय, पन वाचा. कोर्टात एखादा साक्षीदार सोमवारी शपथेवर बोलला आन् मंगळवारी कहानी सांगाले लागला, त जजसाहेब त्याची सोमवारचीही साक्ष फेकून देतीन.

भाची : मामा, माहितीपट म्हणजे शपथेवरची साक्ष नव्हे. चाळीस तासांचं चित्रण होतं, त्यातला एक तास लोकांना दिसतो. बाकीच्यात काय होतं ते त्यांना कधीच कळत नाही. कुणाचं बोलणं कुठे तोडायचं, कुणाच्या चेहऱ्याला लागून कुणाचा चेहरा ठेवायचा, हे संकलनाच्या टेबलावर मी ठरवते. तुमच्याकडे उलटतपासणी तरी असते. माझ्या साक्षीदाराला प्रश्न विचारणारी मीच आणि उत्तराला कात्री लावणारीही मीच.

मामा : म्हंजे खोटं दाखवून राहिली तू?

भाची : निवडलेलं दाखवते. कादंबरी निदान पहिल्या पानापासून कबूल करते की मी रचलेली आहे.

मामा : हे वकिली बोलनं झालं. आपल्या गावाचंच घे. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस. लोक ठान्यावर झेंडा लावाले गेले. पोलिसायनं गोळी चालवली, आपली मानसं पडली. मंग जमाव चवताळला, ठान्यातले पोलीसही मेले. त्याच दिवशी तिकडं चिमूरलेही तसंच. दोन्हीकडं तुकडोजी महाराजांची भजनं पोचली होती; महाराजांलेही सरकारनं धरलं, नागपूर-रायपूरच्या जेलात ठेवलं. पुढं खटले झाले, फाशीच्या शिक्षा झाल्या. नागपूरच्या अनसूयाबाई काळ्यांनी त्या मानसांसाठी जिवाचं रान केलं, आन् 1945 साली फाशी टळली. हे सारं कागदावर हाय. जे कागदावर हाय ते दाखव. त्याच्यात कादंबरी कायले पायजे?

भाची : कागद तुम्ही दाखवाल. मी पडद्यावर काय दाखवू? त्या दिवशी आष्टीत कॅमेरा नव्हता. कॅमेरा होता तो सरकारच्या हातात. युद्धाच्या प्रचारासाठी 1940 मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड निघालं, सुरुवातीला व्ही. शांताराम त्याचे प्रमुख होते. 1943 मध्ये त्याच्या जागी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आली, आणि प्रत्येक थिएटरवाल्याला दर खेळाला 2000 फुटांपर्यंत सरकारी फिल्म दाखवणं सक्तीचं झालं. आपल्याकडचा माहितीपट मोठा झाला तो असा, सरकारच्या मांडीवर. त्या 2000 फुटांत चिमूर-आष्टीला जागा कोण देणार?

मामा : पेपर होते ना.

भाची : पेपरांचंही तोंड बांधलेलं. चिमूरच्या बायकांवर अत्याचार झाले, त्यांची चौकशी करा म्हणून प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपास केला. सरकारनं त्या उपासाची बातमी छापायलाच बंदी केली. निषेध म्हणून देशभरच्या वर्तमानपत्रांनी 6 जानेवारी 1943 ला एक दिवस अंक काढला नाही. 12 जानेवारीला उपास सुटला. सांगा आता, त्या वेळचं काय दाखवू? न छापलेला पेपर?

मामा : कोर्टाची नस्ती दाखव.

भाची : नस्ती कुणी तयार केली? फिर्याद पोलिसांची, तपास पोलिसांचा. साक्षीदार मध्येच रडला, थांबला, पाणी प्यायला उठला, हे जबानीत येतं का?

मामा : नाई येत. आमी नाईच लिहित. पन म्हून ते तू मनानं लिहिशीन?

भाची : लिहीन. कादंबरी त्याचसाठी असते. तुमच्या शेजारच्या अमरावतीचे विश्राम बेडेकर घ्या. माणूस सिनेमातला, चित्रपट लिहिले, दिग्दर्शित केले. पण युरोपातून परत येणारी बोट, नाझींच्या तावडीतून सुटून निघालेले ज्यू आणि एक मराठी तरुण, हा ऐवज त्यांनी सिनेमाला दिला नाही. त्यातून 'रणांगण' झालं, 1939 साली, महायुद्ध पेटलं त्याच वर्षी. बोटीवर कॅमेरा असता तर डेकवर उभी माणसं दिसली असती. कादंबरीतल्या हॅर्टाच्या मनातली भीती त्यात आली नसती.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. बेडेकरांचं उदाहरण सुंदर आहे, पण भाचीच्या बाजूनं ते पुरतं बसत नाही. ते कथापटांचे माणूस. माहितीपट आणि कादंबरी दोन्ही निष्ठेनं करणारा माणूस मराठीत शोधू लागलं की हाताशी फार नावं येत नाहीत. अरुण खोपकरांनी जहांगीर सबावाला, नारायण सुर्वे, चार्ल्स कोरिया यांच्यावर फिल्म केल्या आणि मराठीत अव्वल गद्य लिहिलं, पण ते गद्य कादंबरीचं नव्हे. दिलीप चित्रे कवी, दीर्घकथाही लिहिल्या, 'गोदाम' हा चित्रपट केला, माहितीपटही केले. पण लोकांनी त्यांना कवी म्हणूनच धरून ठेवलं. सुमित्रा भावे सामाजिक संशोधनातून 1985 च्या 'बाई' या फिल्मकडे आल्या आणि तिथून कथापटांकडे गेल्या. मराठी माणूस एका लेखकाला एकच खुर्ची देतो, दुसरीवर बसलेला दिसला की म्हणतो, हौस असेल. मामांचा पुढचा प्रश्न म्हणूनच रास्त होता.

मामा : असा कोनी हाय का, दोन्ही केलेला आन् दोन्हीकडं इमान ठेवलेला?

भाची : आहे. मराठी नाही, पण तरुणपणापासून सारं आयुष्य मुंबईत काढलेला. ख्वाजा अहमद अब्बास.

मामा : राज कपूरच्या 'आवारा'वाला?

भाची : लोकांना तेवढंच ठाऊक असतं. 'आवारा', 'श्री 420', 'बॉबी' हे लिहिणं त्यांच्या पोटापाण्याचं. जन्म पानिपतचा, 1914 चा. तरुणपणी मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आले, तिथे 'लास्ट पेज' हे सदर सुरू केलं, ते पुढे 'ब्लिट्झ'मध्ये नेलं आणि 1987 मध्ये मरेपर्यंत लिहिलं. सत्तरावर पुस्तकं. बंगालच्या दुष्काळावर 'धरती के लाल' केला 1946 ला. आणि 'इन्किलाब' नावाची मोठी कादंबरी लिहिली: अन्वर नावाचा मुलगा स्वातंत्र्यलढ्यातून वाढतो, त्याच्या वाटेत खरी माणसं, खरे प्रसंग येतात, पण तो स्वतः रचलेला.

मामा : आन् डॉक्युमेंट्री?

भाची : 1968 ची 'चार शहर एक कहानी'. मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली. एकीकडे श्रीमंतांचे थाट, दुसरीकडे ते थाट ज्यांच्या घामावर उभे ती माणसं. त्यात वेश्यावस्तीचं थोडं चित्रण होतं. सेन्सॉरनं सर्वांसाठीचं प्रमाणपत्र नाकारलं, पुढे काटछाट करा म्हणाले. अब्बास सुप्रीम कोर्टात गेले.

मामा : थांब. ही केस मले ठाऊक हाय! के. ए. अब्बास विरुद्ध भारत सरकार. 24 सप्टेंबर 1970. निकाल हिदायतुल्ला साहेबांचा. आपल्या नागपूरचे ते. मॉरिस कॉलेजात शिकले, नागपूर हायकोर्टात वकिली केली, तिथंच पुढं चीफ जस्टिस झाले. आन् दुसरी गोष्ट तुले ठाऊक नसन. 1943 पासून 46 पावतर ते आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचे ॲडव्होकेट जनरल होते. म्हंजे आपल्या चिमूर-आष्टीच्या मानसांवर फाशीची टांगती तलवार होती, त्याच काळात सरकारचे वकील हेच.

भाची : मामा! हे मला माहीत नव्हतं.

मामा : कागद वाचत जाय.

भाची : बघा, ही खरी जागा आहे. 1943 मध्ये सरकारी बाजूला असलेला तो कायदेपंडित, आणि 1970 मध्ये एका फिल्मवाल्याचं गाऱ्हाणं ऐकणारा सरन्यायाधीश. मधल्या सत्तावीस वर्षांत त्या माणसाच्या मनात काय घडलं असेल? माहितीपट इथे दोन तारखा दाखवून गप्प बसेल.

मामा : आन् तू बसनार नाई. तेच त म्हनतो मी. हिदायतुल्ला साहेबांच्या डोक्यात तू आपल्या मनचं घालशीन आन् लोक त्याले इतिहास समजतीन. आपले लोक ऐतिहासिक कादंबरी वाचूनच इतिहास सांगतेत, मोठमोठे पुढारीही. त्याले जिम्मेदार कोन?

भाची : म्हणून तर मी खऱ्या माणसाच्या डोक्यात शिरणार नाही. अब्बासांनी अन्वर रचला तो उगाच नाही. खरे पुढारी बाहेरूनच दाखवायचे, आतून दाखवायचा तो रचलेला माणूस.

मामा : निकाल काय लागला ते सांग. केस हरला तुहा अब्बास.

भाची : अर्धी. खटला चालू असताना सरकारनंच काटछाट न करता प्रमाणपत्र द्यायचं कबूल केलं. अब्बास तरी थांबले नाहीत. म्हणाले, मुळात प्रदर्शनाआधी सेन्सॉर हवाच कशाला, ते तपासा. तिथे ते हरले. सिनेमाचा परिणाम इतर माध्यमांहून जास्त होतो, तेव्हा आधी तपासणं घटनेत बसतं, असं कोर्ट म्हणालं. पण कामविषयक ते सगळं अश्लील धरू नका, कलेला जागा ठेवा, हेही त्याच निकालात आहे.

मामा : मले सांग, 'इन्किलाब'वर केस झाली?

भाची : नाही. आणि यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. फिल्मला प्रमाणपत्र लागतं, परवानग्या लागतात, पैसा लागतो, दाखवायला जागा लागते. कादंबरी छापण्याआधी कुठल्या मंडळापुढे ठेवावी लागत नाही. माहितीपट करणारा कादंबरीकडे वळतो तेव्हा त्याला दर वेळी कल्पनेचे पंख फुटलेले नसतात. खूपदा तो नुसता दमलेला असतो. आनंद पटवर्धनांना 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाला चौदा वर्षं लागली.

मामा : चौदा वर्सं! वनवासच म्हना. आन् जेवते कायच्यावर मानूस?

भाची : दुसऱ्यांच्या जाहिरातींचं संकलन, संस्थांच्या छोट्या फिल्म, कुठे शिकवणं. अब्बासांचंही तेच, राज कपूरकडून आलेले पैसे स्वतःच्या चित्रपटांत घातले आणि ते पडले. फिल्म्स डिव्हिजन होतं, 1948 पासूनचं, निदान एक सरकारी दार. 2022 मध्ये ते एनएफडीसीत विलीन झालं.

पैशाच्या गोष्टी इथे बऱ्याच झाल्या, त्या गाळतो. सगळ्या कलावंतांच्या त्या सारख्याच असतात. पुढे जे निघालं ते मात्र फक्त या दोन विद्या एकत्र करणाऱ्यांच्याच वाट्याला येतं, म्हणून ते सविस्तर देतो.

भाची : समजा, उद्या मी 42 च्या माहितीपटासाठी एखाद्या घरी गेले. कॅमेरा लावला. आजी शाळेत भाषण करतात तशा बोलल्या: सासरे जेलात होते, झेंडा, महाराजांची भजनं. सगळं खरं. मी कॅमेरा बंद केला, चहा आला, आणि मग आजी सहज म्हणाल्या की ठाण्यातल्या एका पोलिसाची बायको आमच्या सासूबाईंकडून ताक न्यायची, आणि सासूबाई मरेपर्यंत विचारत होत्या, त्या बाईचं पुढं काय झालं असेल. आता हे मी काय करू?

मामा : काहीच नाई. ते तिनं तुले सांगितलं, कॅमेऱ्याले नाई.

भाची : पण त्या एका वाक्यात त्या दिवसाचं जे आहे ते अख्ख्या चित्रणात नाही. ते माझ्याबरोबर मरू द्यायचं?

मामा : पुन्हा कॅमेरा लावून विचार.

भाची : लावला की त्या पुन्हा झेंड्यावर येतात. म्हणून ते कादंबरीत जाईल. नाव बदलेन, गाव बदलेन.

मामा : अवं, नाव बदलून गावात काय होते? दारातली विहीर आन् ताक विकनारी सासू लिहिली की सारी आष्टी सांगन हे घर कोनाचं. फिलिममध्ये तू कागदावर सही घेते, संमती हाय म्हून. कादंबरीची सही कोठी घेते? डॉक्युमेंट्रीवाली म्हून घरात शिरली, विश्वासानं चहा पेली, आन् कादंबरीवाली होऊन बाहेर निंगाली. याले आमच्याकडं विश्वासघात म्हनतेत.

भाची इथे बराच वेळ बोलली नाही. मी मामांच्या बाजूचा आहे, या मुद्द्यापुरता तरी. नुसता कादंबरीकार गावात येतो तेव्हा लोक सावध असतात, हा लिहिणार हे त्यांना ठाऊक असतं. पत्रकार येतो तेव्हाही. पण माहितीपटवाल्याचा कॅमेरा दिसतो, आणि दिसणारी गोष्ट बंद झाली की माणूस निर्धास्त होतो. त्या निर्धास्तपणावर कादंबरी उभी राहणार असेल, तर तिच्या कर्त्यावर साध्या लेखकापेक्षा जास्त बंधन पडतं. भाचीचं पुढचं बोलणं मात्र मला खोडता येत नाही.

भाची : कबूल. याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. पण मघाशी तुम्हीच म्हणालात, कागदावर आहे ते दाखव. जमावाच्या हातून पोलीस मेले हेही कागदावर आहे. फाशीच्या शिक्षा त्याचसाठी झाल्या. मग 16 ऑगस्टला स्मारकासमोरच्या भाषणांत ते एका वाक्यात का उरकतात?

मामा : हुतात्म्यायचा दिवस असते तो.

भाची : असूदे. हुतात्मे आपले आहेत, गोळी आधी आपल्या माणसांवर चालली, हे मी कुठं नाकारते? पण ठाण्यात मेलेल्यांपैकी कुणाची तरी बायको ताक न्यायला येत असेलच की नाही? तिची मुलाखत मला कुणी देणार नाही, तिच्या नावाचा खांब नाही. कॅमेऱ्यासमोर बसवायला ती नाहीच. तिच्यापर्यंत जायला मला रचावंच लागेल.

मामा : गाव काय म्हनन?

भाची : शिव्या देईल. तुम्हीही द्याल.

मामा : मी देईन त खरं. पन वाचूनच देईन.

एवढं झाल्यावर मामांनी कामाची गोष्ट काढली. लढ्यात होते ते गेले. त्यांच्या तोंडून ऐकलेली मुलं-नातवंडंही आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

मामा : आधी फिलिम कर. कादंबरी दहा वर्सांनी लिहिली तरी चालते, मानूस दहा वर्सांनी सापडत नाई. आन् एक अट. फिलिममध्ये एकही रचलेली गोष्ट नको, कादंबरीत एकही खरं नाव नको. आन् कॅमेरा बंद केल्यावर कोनी जे सांगितलं, ते लिहिलेलं पान छापाच्या पह्यले त्या घरी जाऊन वाचून दाखव.

भाची : पहिल्या दोन अटी मान्य. तिसरी... कादंबरी अशी कुणी वाचून दाखवत नाही, मामा.

मामा : तू दाखव.

भाची : आणि त्या म्हणाल्या, काढून टाक?

मामा : त काढ.

भाची : नाही काढणार. बदलेन, त्यांना ओळखू येणार नाही इतकं बदलेन. पण काढणार नाही.

मामा : मंग वाचून दाखवाले जाशीन तरी कायले?

भाची : म्हणजे त्यांनी मला शिव्या द्यायच्या तर समोर बसून द्याव्यात, पुस्तक आल्यावर पाठीमागे नव्हे.

यावर दोघांचं जुळलेलं नाही, आणि मला वाटत नाही जुळेल. माझं मत असं की माहितीपट करणाऱ्यानं कादंबरी लिहावी, बिनदिक्कत लिहावी. अब्बासांनी दोन्हीकडं किंमत मोजून ते करता येतं हे दाखवलं आहे. मात्र मामांची तिसरी अट भाचीनं पाळावी. वाचून दाखवल्यावरही शब्द तिचाच राहू दे, पण पायरी चढून जावं.

राहिलं आपल्या हातातलं. आष्टी, तळेगाव, साहूर, आर्वी या भागात, किंवा इथून बाहेर गेलेल्यांपैकी कुणाच्या घरी 1942 च्या खटल्याच्या नकला, तुरुंगातून आलेली पत्रं, सुटकेचे कागद, एखादा फोटो असेल, तर वाळवी लागण्याआधी त्यांची मोबाइलवर नीट छायाचित्रं काढून ठेवा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून, ऐकलेलं सगळं बोलून घ्या. सुरुवातीला तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नाव आणि त्यानं ते कुणाकडून ऐकलं, एवढं त्याच्याच तोंडून वदवून घ्या. मामा म्हणतात, त्याशिवाय जबानी धरत नाहीत.